टर्बो गाडीचं ट्यूनिंग: ‘स्टेज १, २, ३’च्या नावाखाली आपण नेमकं काय विकत घेतो?

ती रील तुम्हीही पाहिली असेल. निसान जीटी-आर उभी आहे, सायलेन्सरमधून निळसर-केशरी जाळ बाहेर पडतोय आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘१००० एचपी’. बोटाने वर सरकवलं की पुढची रील. त्यात कुणीतरी आपल्याकडच्याच एका टर्बो पेट्रोल हॅचबॅकला लॅपटॉप जोडतो आणि म्हणतो, “एकही पार्ट न बदलता अर्ध्या तासात ३० एचपी वाढवून देतो.”

या दोन्ही गोष्टी होऊ शकतात, त्यात खोटं काही नाही. मी स्वतः दुसऱ्या रीलमधलं काम करून घेतलं होतं. मे २०२२ मध्ये, माझ्या सेकंड-हँड टर्बो हॅचबॅकवर. पहिले तीन आठवडे मी हवेत होतो. चौथ्या आठवड्यात खंबाटकी घाटात गाडी थरथरली आणि सातारपर्यंतचा पुढचा प्रवास मी टोइंगच्या ट्रकमधून केला. इंजिन उघडलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा तुकडा उडालेला होता.

चूक ट्यूनरची होती की माझी, ते पुढे सांगतोच. पण त्या दिवसानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. तुम्ही पैसे भरायच्या आधी तो तुम्हाला समजावा, म्हणून हा लेख.

आधी टर्बो समजून घेऊ

इंजिनची ताकद पेट्रोल जाळून येते. पण एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. त्यामुळे इंजिनमध्ये जास्त पेट्रोल ओतणं सोपं, खरा प्रश्न जास्त हवा कोंबायचा असतो.

टर्बो हेच काम करतो. इंजिनमधून बाहेर पडणारा गरम धूर एका छोट्या चक्राला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनमध्ये ढकलतं. फुकट जाणारा धूरच कामाला लावलेला. ही चक्रं मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे मारतात आणि धुराच्या बाजूला तापमान ९०० अंशांच्या घरात जातं. हा पार्ट नाजूक असतो आणि तेल बदलायचा आळस तो अजिबात खपवून घेत नाही, याचं कारण हेच.

हवा किती दाबली जाते त्याला ‘बूस्ट’ म्हणतात. आपल्या आजूबाजूच्या हवेचा दाब साधारण १ बार. टर्बोने त्यावर आणखी १ बार दिला तर इंजिनला २ बारची हवा मिळते, म्हणजे जवळपास दुप्पट. इथे एक छोटं गणित लक्षात ठेवा. बूस्ट १ वरून १.३ बार केला तर ‘३० टक्के वाढ’ असं सांगितलं जातं. पण एकूण दाब २ वरून २.३ झालेला असतो. म्हणजे हवा वाढली फक्त १५ टक्के. जाहिरातीतले आकडे वाचताना हे कामाला येतं.

आता टर्बोचा दुसरा चेहरा. हवा दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं ना, तसंच. बाहेर ३० अंश असताना १ बार बूस्ट केला, तर टर्बोमधून निघणारी हवा सहज १२० अंशांच्या आसपास जाते. गरम हवा विरळ असते आणि धोकादायकही. म्हणून मध्ये ‘इंटरकूलर’ असतो. दिसायला रेडिएटरसारखा, काम हवा थंड करायचं. तीच हवा ५० अंशांवर आणली तर तेवढ्याच जागेत सुमारे २० टक्के जास्त हवा मावते.

‘मॅप’ म्हणजे काय?

हवा किती, पेट्रोल किती, ठिणगी नेमकी कधी टाकायची, हे सगळं ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याच्या पोटात आकड्यांचे तक्ते असतात. इंजिन ३००० आरपीएमवर आहे, अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबलाय, हवा ४० अंशांची आहे, मग बूस्ट इतका, पेट्रोल इतकं, ठिणगी इतके अंश आधी. या तक्त्यांनाच मॅप म्हणतात. ते बदलणं म्हणजे रीमॅप.

फोन रूट करून त्यात दुसरी रॉम टाकण्यासारखंच हे आहे. हार्डवेअर तेच, वागणूक वेगळी. फरक एकच. रॉम बिघडली तर फोन बूटलूपमध्ये अडकतो, पुन्हा फ्लॅश करता येतो. मॅप बिघडला तर अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन वितळतो, आणि तो रीस्टार्ट मारून परत येत नाही.

कंपनी ताकद राखून का ठेवते?

“कंपनीने मुद्दाम इंजिन दाबून ठेवलेलं असतं, आम्ही फक्त मोकळं करतो.” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. यात अर्धं सत्य आहे आणि ते कळायला जपानमध्ये जावं लागेल.

१९८९ ते २००४ या काळात जपानी कार कंपन्यांमध्ये एक अलिखित समझोता होता. देशात विकायच्या कोणत्याही गाडीची ताकद कागदावर २८० पीएसच्या वर दाखवायची नाही. (पीएस आणि एचपी जवळपास सारखेच धरा.) याच काळात निसानने स्कायलाइन जीटी-आर आर३२ आणली. तिचं २.६ लिटरचं ‘आरबी२६’ इंजिन ‘ग्रुप ए’ रेसिंग डोळ्यांसमोर ठेवून बनवलं होतं. रेसच्या गाडीत त्यातून जवळपास दुप्पट ताकद काढली जायची. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ दरम्यान ही गाडी २९ शर्यती धावली आणि सगळ्या २९ जिंकली. तेच इंजिन शोरूममधल्या गाडीत मात्र २८० वर बांधून ठेवलेलं. बूस्ट ठरवणाऱ्या एका बारीक नळीत छोटासा अडथळा बसवलेला असायचा. तो काढला की बूस्ट वाढायचा.

टोयोटा सुप्राचं ‘२जेझेड-जीटीई’ इंजिनही याच जातीचं. तीन लिटर, ओळीत सहा सिलिंडर, दोन टर्बो आणि बिडाचा जाडजूड ब्लॉक. जपानमध्ये कागदावर २८० पीएस, अमेरिकेत तीच गाडी ३२० एचपीची. २००१ मधल्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’मध्ये केशरी सुप्रा झळकली आणि हे इंजिन घराघरांत पोचलं.

या गाड्यांच्या आधीपासूनच फुजी पर्वताच्या परिसरात एचकेएस नावाची कंपनी काम करत होती. १९७३ साली सुरू झालेली, आणि पुढच्याच वर्षी साध्या प्रवासी गाड्यांसाठी टर्बो किट विकायला लागलेली. आज ज्याला आपण ‘किट’ म्हणतो, त्या धंद्याची मुळं तिथली.

म्हणजे इंजिनं दाबून ठेवलेली होती, हे खरं. पण आता उरलेलं अर्धं सत्य. आरबी२६च्या टर्बोमधलं धुराच्या बाजूचं चक्र सिरॅमिकचं होतं. सिरॅमिक हलकं असतं, चक्र पटकन वेग घेतं, म्हणून वापरलं. पण लोकांनी बूस्ट वाढवत नेला तशी ती चक्रं फुटायला लागली. पिस्टन ठीक, ब्लॉक ठीक, टर्बो खलास.

या लेखातून एकच गोष्ट न्यायची असेल तर ही न्या. गाडीत प्रत्येक पार्टची राखीव ताकद वेगवेगळी असते. ब्लॉककडे दुप्पट शिल्लक असेल, क्लचकडे १० टक्के असेल, आणि गाडी तिच्या सगळ्यात कमी शिल्लक असलेल्या पार्टइतकीच मजबूत असते. ही शिल्लक कंपनी उगाच ठेवत नाही. राजस्थानातला उन्हाळा, भेसळीचं पेट्रोल, वेळेवर न बदललेलं तेल, पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन चढलेला घाट, या सगळ्यासाठी ती गंगाजळी असते. ट्यूनर नवीन ताकद कुठून आणत नाही. तो या गंगाजळीतून पैसे काढून तुमच्या हातात देतो.

स्टेज १, २, ३: कोण काय बदलतं?

आधी एक सांगतो. ‘स्टेज’ हे कोणतंही सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय प्रमाण नाही. प्रत्येक ट्यूनरची व्याख्या थोडी वेगळी असते. त्यामुळे नाव नका विचारू, यादी विचारा. साधारणपणे असं असतं:

स्टेज १: फक्त सॉफ्टवेअर. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला लॅपटॉप जोडून नवीन मॅप टाकतात. बूस्ट थोडा वाढतो, ठिणगी थोडी लवकर पडते. टर्बो गाड्यांमध्ये याचा फरक लगेच जाणवतो. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे बिनटर्बोच्या गाडीत फारसा नाही, कारण तिथे जास्त हवा ढकलणारंच कुणी नसतं.

स्टेज २: श्वास मोकळा करायचा. मोठा एअर इनटेक, मोठा इंटरकूलर आणि ‘डाउनपाइप’, म्हणजे टर्बोनंतरचा पहिला पाइप. याच पाइपमध्ये बहुतेक वेळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, जो धुरातले विषारी वायू कमी करतो. बरेच किट तो काढूनच टाकतात. कायद्याचा खरा घोळ इथून सुरू होतो, त्यावर पुढे बोलू.

स्टेज ३: मोठा टर्बो. पण टर्बो मोठा म्हणजे हवा जास्त, मग पेट्रोलही जास्त लागणार. म्हणून मोठे इंजेक्टर, मोठा फ्युएल पंप. त्याच्या पुढे गेलं की फोर्ज्ड पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड, मजबूत क्लच किंवा गिअरबॉक्स. मोठ्या टर्बोचा एक तोटा रीलमध्ये दिसत नाही. मोठं चक्र फिरायला वेळ घेतं. सिग्नलला पाय दाबला की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम सगळं होतं. शहरात अशी गाडी चालवणं ही शिक्षा आहे.

जीटी-आरचा हिशेब

आता त्या पहिल्या रीलकडे परत जाऊ. निसान जीटी-आर आर३५ डिसेंबर २००७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली. ३.८ लिटरचं व्ही६ इंजिन, दोन टर्बो, ४८० पीएस. भारतात ती डिसेंबर २०१६ मध्ये आली, एक्स-शोरूम किंमत १.९९ कोटी.

निसानने याच इंजिनाची ताकद हळूहळू वाढवत २०१७ च्या मॉडेलला ५७० पीएसपर्यंत नेली. निस्मो आवृत्ती ६०० पीएसची झाली, पण त्यासाठी तिला जीटी३ रेसकारचे टर्बो लावले. बघा, ज्यांनी हे इंजिन जन्माला घातलं, ज्यांच्याकडे टेस्ट बेंच आणि इंजिनिअरांची फौज आहे, त्यांना ४८० वरून ५७० वर जायला जवळपास नऊ वर्षं लागली. कारण त्यांना वॉरंटी द्यायची होती.

दुसरीकडे बाजारातले किट. एचकेएसचं ‘जीटी१०००’ नावाचं टर्बो किट आहे, अमेरिकेतल्या एएमएस परफॉर्मन्सची ‘अल्फा’ मालिका आहे. तिथे आकडे चार अंकी होतात. ते खोटे नाहीत. पण त्या गाडीत काय बदलतं ते पाहा. टर्बो, इंजेक्टर, पंप, इंटरकूलर, पाइप, पिस्टन, रॉड, गिअरबॉक्समधले क्लच आणि गिअर, आणि शेवटी मॅप. म्हणजे बॅज जीटी-आरचा, पण आतली साखळी कडी न् कडी नवीन. १००० एचपीच्या रीलमध्ये जे दिसत नाही ते हेच. तिथे मॅप सगळ्यात शेवटी येतो. आपल्याकडे अर्ध्या तासात फक्त तोच येतो.

आपल्याकडचं एक उदाहरण घ्या. फोक्सवॅगन-स्कोडाचं १.५ टीएसआय इंजिन कंपनीतूनच २५० एनएम टॉर्क देतं. त्याच्यासोबत येणाऱ्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्सची ठरलेली मर्यादाही २५० एनएमच आहे. इंजिनकडे शिल्लक असेलही, पण गिअरबॉक्सच्या खात्यात कागदोपत्री शून्य. मॅप टाकून टॉर्क ३०० च्या पुढे नेलात, तर गाडी पळेल, त्याच दिवशी काही मोडणारही नाही. पण क्लच आपलं आयुष्य व्याजासकट वसूल करेल.

खंबाटकीत काय झालं?

आता माझी गोष्ट. ट्यूनरने मला स्पष्ट सांगितलं होतं, “हा मॅप ९७ ऑक्टेनवर बनवलाय. प्रीमियम पेट्रोलच भरायचं.” मी दोनदा भरलं. तिसऱ्यांदा खिशाकडे बघितलं आणि साधं भरलं. त्या वेळी साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ‘ताकद’ नाही. दाब आणि उष्णता सहन करून, ठिणगी पडेपर्यंत गप्प बसायची त्याची क्षमता. ही क्षमता कमी पडली की ठिणगीने पेटवलेली आग पसरत असतानाच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा धक्का बसतो. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात.

ईसीयूला ते ऐकायला येतं. इंजिनवर मायक्रोफोनसारखा एक नॉक सेन्सर असतो. आवाज आला की ईसीयू ठिणगी उशिरा टाकून इंजिनला वाचवतो. पण वाचवायला जागा लागते, आणि माझ्या मॅपने ती आधीच खाल्ली होती.

मे महिन्यातली दुपार. चार जण, एसी चालू, घाटात पुढे कंटेनर. वेग २५, तिसरा गिअर, पाय दाबलेला. इंटरकूलरवर वारा नाही. खाली गरम रस्ता, पुढे गरम ट्रक. कमी आरपीएमवर जास्त टॉर्क मागणं हे छोट्या टर्बो इंजिनासाठी सगळ्यात वाईट, आणि मी नेमकं तेच करत होतो. खड्यांचा आवाज आला. मी रेडिओ मोठा केला. मग ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकायला लागला. “वर जाऊन बघू,” म्हटलं आणि चढत राहिलो.

हे वाक्य लक्षात ठेवा: चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर गॅरेजला जा, लुकलुकत असेल तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन लगेच बंद करा. लुकलुकणं म्हणजे सिलिंडरमध्ये नीट जळणच होत नाहीये. मी त्याच क्षणी थांबलो असतो तर कदाचित प्लग आणि कॉइलवर निभावलं असतं. माझं बिल दीड लाखाच्या वर गेलं. मॅपला दिलेल्या पैशांत मी वर्षभर प्रीमियम पेट्रोल भरू शकलो असतो.

ट्यूनरवर खापर फोडायचं मी ठरवलं होतं. पण त्याने सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. त्याची चूक असेल तर एवढीच, की जुने प्लग आणि कॉम्प्रेशन न तपासताच त्याने मॅप टाकला. आणि मीही ‘आधी तपास’ असं म्हटलं नाही.

आज परिस्थिती थोडी बदललीये. पंपावर ई२० पेट्रोल आहे, त्याचं ऑक्टेन किमान ९५ धरलेलं आहे. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करतं, परदेशात तर ट्यूनर मुद्दाम ई८५ वापरतात. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते, त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त फवारावं लागतं. जुन्या, ई१०च्या काळातल्या गाडीला आक्रमक मॅप टाकला तर इंजेक्टर आणि पंप लवकर आपल्या मर्यादेला पोचतात. ‘ऑक्टेन वाढलं, आता काळजी नाही’ असं समजू नका.

तुमच्या फोनवरून तपासा

हे मला आधी माहीत असतं तर! ओबीडी पोर्टमध्ये लावायचा ब्लूटूथ अडॅप्टर काहीशे रुपयांपासून मिळतो. अँड्रॉइडवर ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’सारखं अ‍ॅप टाका. आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ एलई वाला अडॅप्टर बघून घ्या, साधा ब्लूटूथवाला त्याला चालत नाही. मग या पाच गोष्टी बघा:

१. इनटेक एअर टेम्परेचर: गाडी धावत असताना बाहेरच्या तापमानापेक्षा १५-२० अंश जास्त असेल तर ठीक. ट्रॅफिकमध्ये वाढेल, पण वेग घेतल्यावर खाली यायला हवं. येत नसेल तर इंटरकूलर थकलाय.

२. मॅनिफोल्ड प्रेशर: हा आकडा एकूण दाबाचा असतो. त्यातून बाहेरचा दाब वजा केला की बूस्ट. पुण्यात बाहेरचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो.

३. टायमिंग अ‍ॅडव्हान्स: पूर्ण जोर लावल्यावर हा आकडा अचानक खाली कोसळत असेल, तर ईसीयू नॉकिंगपासून पळ काढतोय असा संशय घ्या.

४. फ्युएल ट्रिम: उणे-अधिक १० टक्क्यांच्या बाहेर सतत जात असेल तर कुठेतरी हवा गळतेय किंवा इंधन कमी पडतंय.

५. कूलंटचं तापमान: बहुतेक गाड्यांत ८५ ते १०५ अंश. चढत राहिलं तर थांबा.

मॅप टाकायच्या आधी आठवडाभराचा लॉग सेव्ह करून ठेवा. नंतरचा लॉग त्याच रस्त्यावर, त्याच वेळी घ्या. दोन्ही शेजारी ठेवले की रीलची गरज पडत नाही. आणि हो, फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. चालवताना आकडे बघणं हे नॉकिंगपेक्षा घातक आहे.

कायदा, वॉरंटी, विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं तर थेट प्रदूषणाच्या नियमांत अडकतं, आणि आवाजाचा सायलेन्सर चौकात उभ्या पोलिसाला लांबूनच ओळखू येतो.

जर्मनीत बदल केलेला पार्ट तपासून घेऊन कागदपत्रांत नोंदवायची पद्धत आहे. कॅलिफोर्नियात प्रदूषणाच्या चाचणीत पास झालेल्या पार्टला सरकारी मंजुरी क्रमांक मिळतो. आपल्याकडे हौशी माणसासाठी असा सरळ रस्ता नाही. गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय पुण्यातच आहे, पण तिथे कंपन्या त्यांची मॉडेल घेऊन जातात, तुमची-आमची एक गाडी नाही.

वॉरंटीचं म्हणाल तर ‘परत स्टॉक मॅप टाकला की कळत नाही’ यावर विसंबू नका. काही ईसीयूंमध्ये किती वेळा फ्लॅश झालं याची नोंद राहते. विमा कंपनीला बदल कळवला नसेल, तर अपघातानंतर क्लेम नाकारायला तिला आयतं कारण मिळतं.

मग करायचं की नाही?

मी ‘करू नका’ म्हणणार नाही. माझ्या आवडीचं ते खूळ आहे आणि अजून गेलेलं नाही. पण आता माझा क्रम बदललाय.

सगळ्यात आधी गाडीची तब्येत. कॉम्प्रेशन टेस्ट, नवे प्लग, चांगल्या दर्जाचं तेल. छोट्या टर्बो इंजिनाला एपीआय एसपी दर्जाचं तेल घ्या, कमी आरपीएमवरच्या नॉकिंगचा विचार करूनच ते बनवलेलं असतं. मग टायर आणि ब्रेक. १०० च्या ऐवजी १४० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीत जवळपास दुप्पट ऊर्जा असते, आणि ती सगळी ब्रेकलाच गिळायची असते. मग इंटरकूलर. आणि या सगळ्यानंतर, कायद्याची बाजू पूर्ण समजून उमजून, मॅपचा विचार. ट्यूनरला तीन प्रश्न विचारा: मॅप कोणत्या ऑक्टेनवर बनवलाय? माझ्याच गाडीवर लॉग घेऊन बदलणार की तयार फाइल टाकणार? आणि माझ्या गाडीत सगळ्यात आधी काय मोडेल? तिसऱ्या प्रश्नावर जो हसून “काहीच नाही हो” म्हणतो, त्याच्याकडून चहा पिऊन निघा.

आणि ताकद वापरायची असेल तर रस्ता ही जागा नाही. चेन्नईजवळ, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडात रेस ट्रॅक आहेत. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसही झालेल्या आहेत. तिथे समोरून एसटी येत नाही.

माझी गाडी आता स्टॉक मॅपवर आहे. नवे पिस्टन, चांगले टायर, वेळेवर तेल. परवा पुन्हा खंबाटकी चढलो. पुढे तसाच कंटेनर होता. मी दुसरा गिअर टाकला, पाय हलका ठेवला. शेजारी बसलेल्या बहिणीच्या हातात माझा फोन होता आणि ती दर मिनिटाला आकडा वाचत होती, “पंचावन्न... अठ्ठावन्न... दादा, खाली येतंय, बावन्न.”

घाट संपेपर्यंत रेडिओ बंदच होता.